पत्रा, कागद आणि हात

मराठीत कुठलाही छोटा मालवाहू ट्रक म्हणजे टेम्पो आणि कुठलीही चौकोनी व्हॅन म्हणजे मॅटाडोर. दोन्ही नावं मूळची हॅम्बर्गच्या एका जर्मन कंपनीची, पण आपल्या तोंडात ती बसवली आकुर्डीने. नवलमल फिरोदियांची बजाज टेम्पो १९५८ साली उभी राहिली ती तीनचाकी हॅन्सियाट घेऊन. १९६९ मध्ये मॅटाडोर आली आणि पुढची कितीतरी वर्षं महाराष्ट्राचं दूध, लग्नाची वऱ्हाडं, शाळेची पोरं आणि गणपतीच्या मूर्ती तिच्यातून फिरल्या. आता चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या रस्त्यावर चालती मॅटाडोर दिसली, तर मी माझी गाडी बाजूला घेऊन थांबतो. गेल्या दोन-तीन वर्षांत असं थांबणं मोजून दोनदा झालं.

म्हणजे मॅटाडोर दुर्मीळ झाली. पण तिला गिऱ्हाईक कुठे आहे? त्या दोनांपैकी एकीच्या मालकाला मी विचारलं, तेव्हा त्याच्याकडे आलेली एकुलती एक मागणी भंगारवाल्याची होती, किलोच्या भावाने. त्याच रस्त्यावरच्या एका सोसायटीत ताडपत्रीखाली झाकलेली टाटा सिएरा आहे. तिच्यासाठी महिन्याला कुणी ना कुणी चौकशी करतं. दोन्ही गाड्या याच पट्ट्यात जन्मल्या, दोन्हींचं उत्पादन कधीच थांबलं. मग एकीचा भाव वजनावर आणि दुसरीचा मनावर का? जुन्या गाड्या जमवणारे लोक नेमकं कशाचं मोल करतात, हा प्रश्न इथूनच सुरू होतो. आपल्या पट्ट्याला त्याचं उत्तर हवं आहे, कारण इथे बनलेली एक अख्खी पिढी आत्ता या क्षणी जुन्या गाडीची 'क्लासिक' गाडी होण्याच्या उंबऱ्यावर उभी आहे.

जुन्या वाहनांची जागतिक संघटना, फीवा, तीस वर्षं पूर्ण झालेल्या आणि मूळ रूपात जपलेल्या वाहनाला ऐतिहासिक मानते. त्या हिशोबाने १९९१ची पहिली सिएरा २०२१ मध्ये तिशीची झाली. १९९४ची सुमो २०२४ मध्ये. मर्सिडीज-बेंझने भारतातली आपली पहिली गाडी, ई २२०, जोडली ती १९९५ मध्ये टाटांच्याच टेल्कोच्या पिंपरीच्या आवारात. त्यांचा चाकणचा कारखाना नंतरचा, २००९चा. ती ई २२० गाडी २०२५ मध्ये तिशीत आली. १९९८च्या अखेरीस आलेली इंडिका २०२८ मध्ये येईल. आपल्या केंद्र सरकारचा निकष याहून कडक, पन्नास वर्षांचा. पण त्यात दुचाकीही धरल्या आहेत, आणि १९७२ची चेतक नि १९७२चीच लुना २०२२ मध्ये त्या रेषेपलीकडे गेल्या. ज्या वस्तू आपण परवापर्यंत अंगणात धुतल्या, त्या कायद्याच्या भाषेत 'व्हिंटेज' झाल्या आहेत.

आधी दुर्मीळपणाचा गैरसमज बाजूला काढू. जगातली सर्वांत महाग विकली गेलेली गाडी म्हणजे १९५५ची मर्सिडीज ३०० एसएलआर ऊलेनहाउट कूपे. ५ मे २०२२ रोजी श्टुटगार्टच्या मर्सिडीज संग्रहालयात तिचा लिलाव झाला आणि ती १३ कोटी ५० लाख युरोंना गेली. अशा दोनच बनल्या होत्या. फेरारी २५० जीटीओ १९६२ ते १९६४ या काळात ३६ बनल्या, त्यातली एक २०१८ मध्ये ४ कोटी ८४ लाख डॉलरना विकली गेली. हे आकडे वाचून वाटतं, संख्या जितकी कमी तितकी किंमत जास्त. पण याच्या नेमकं उलट उदाहरण घ्या. १९६८ साली फोर्डने तीन लाखांवर मस्टँग बनवल्या. त्यातली एक 'बुलिट' या सिनेमात स्टीव्ह मॅक्वीनने चालवली. १९७४ मध्ये ती जाहिरात वाचून एका मध्यमवर्गीय कुटुंबाने घेतली आणि घरची बाई ती घेऊन शाळेत शिकवायला जात असे. मॅक्वीनने परत मागितली तरी त्यांनी दिली नाही. जानेवारी २०२०च्या लिलावात ती सुमारे ३७ लाख डॉलरना गेली. रंग उडालेला, गंज दिसणारा, चित्रीकरणासाठी केलेली भोकं तशीच. तीन लाखांतल्या एकीला एवढं मोल कसं? ती तीच आहे हे सिद्ध करता येत होतं, आणि ती कुणीही 'नवी' करून ठेवली नव्हती.

आता आपल्याकडचं टोकाचं उदाहरण. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ पासून स्वतःच्या हिमतीवर 'मीरा' नावाची छोटी मोटार घडवली, पुन्हा पुन्हा सुधारली, पण ती कधी कारखान्यात गेली नाही. हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच नमुने झाले. दुर्मीळपणात ती जीटीओच्याही पुढे आहे. पण तिचा बाजारभाव काय, असं कुणी विचारलं तर सांगता येणार नाही, कारण भाव ठरायला किमान दोन विकणारे आणि तीन घेणारे लागतात. मीराचं मोल इतिहासाचं आहे, संग्रहालयाचं आहे. ते खरंच आहे, आणि महाराष्ट्राने ते जपायला हवं. मात्र संग्राहकाच्या बाजारात दुर्मीळपणा हा गुणाकाराचा आकडा असतो. समोर मागणी असेल तर तो तिला दसपट करतो. मागणी शून्य असेल तर शून्याला कितीनेही गुणा.

मागणी येते कुठून? माझ्या मते नव्वद टक्के मागणी बालपणातून येते. माणूस पंचेचाळीस-पन्नाशीला पोचतो, हातात थोडे पैसे येतात, मुलं मार्गी लागलेली असतात, आणि मग बारा-चौदाव्या वर्षी ज्या गाडीकडे तोंड उघडं टाकून पाहिलं ती हवीशी वाटते. म्हणून संग्राहकांची आवड दर पिढीला सरकते. युरोप-अमेरिकेत युद्धापूर्वीच्या अनेक साध्या गाड्यांना आता पूर्वीसारखे घेणारे नाहीत आणि ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या गाड्या वर चढल्या आहेत, त्याचं कारण हेच.

मॅटाडोरचं कोडं इथे सुटतं. तिच्यात बसून आपण गेलो, पण तिचा मालक होण्याचं स्वप्न कुणी पाहिलं नाही. सिएराचं उलट झालं. तीन दारं, मागे छताकडे वळत गेलेली ती मोठी बंद काच, पिकअपच्या दणकट चेसिसवर बसवलेली मोटार. १९९१ मध्ये ती घेणं फार थोड्यांना परवडलं. टेल्कोच्या कामगार वस्त्यांतल्या पोरांनी ती गेटमधून बाहेर पडताना पाहिली. आमच्या वडिलांच्या पाळीतल्या मंडळींना कुठल्या गाडीच्या कुठल्या पत्र्यावर कोणाचा हात पडला हे ठाऊक असायचं, पण त्यांच्या दारात ती कधी आली नाही. अपुरी राहिलेली ती इच्छा आज चौकशीच्या फोनमधून बोलते. टाटांनी २०२५ मध्ये सिएरा हे नाव नव्या गाडीला दिलं, त्यानेही जुनीची आठवण ताजी झाली.

चेतकची गोष्ट तर याहून वेगळी. बजाजचा पिआजिओशी असलेला स्कूटरचा परवाना करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ पासून आकुर्डीत राणा प्रतापाच्या घोड्याच्या नावाने तोच साचा पुढे चालू राहिला. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायची, आणि नंबर लागला की तीच गाडी छापील किमतीपेक्षा जास्त 'ऑन' घेऊन विकता यायची. म्हणजे चेतक एकदा दुर्मीळ होती, ती सरकारी परवान्यांमुळे. मग ती लाखोंनी आली, सगळीकडे दिसली, नकोशी झाली आणि २००५-०६च्या सुमाराला बंद पडली. आता ती पुन्हा विरळ होते आहे. पहिला दुर्मीळपणा कागदोपत्री होता आणि पुरवठा वाढताच विरघळला. आताचा दुर्मीळपणा गंजाने आणि भंगाराने आणला आहे, तो उलटवता येत नाही. संग्राहक या दोहोंतला फरक बरोबर ओळखतो. कंपनीने मुद्दाम घडवलेल्या दुर्मीळपणाकडेही तो जरा सावधपणे पाहतो. चाकणला बारा वर्षं बनलेली फोक्सवॅगन पोलो २०२२ मध्ये निरोप घेताना ७०० गाड्यांची 'लेजंड' आवृत्ती काढून गेली. छान गाडी, पण स्टिकर आणि बिल्ल्याने आलेल्या वेगळेपणाला काळाची परीक्षा अजून द्यायची आहे. ज्यांनी ती घेतली त्यातले बरेच पहिल्या दिवसापासून जपून ठेवतील. सगळेच जपतात तेव्हा जपलेल्या गाडीचं अप्रूप कमी राहतं.

आता पत्र्याकडे येऊ. इथे मला सविस्तर लिहायचं आहे, कारण आपल्या भागात सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं, आणि तेही प्रेमापोटी.

हौशी माणूस जुनी गाडी घेतो आणि पहिलं काम करतो ते डेंटिंग-पेंटिंग. रंग खरवडून पत्र्यापर्यंत जायचं, लांबी भरायची, चकचकीत दुहेरी रंग मारायचा, क्रोम करून घ्यायचं, सीटना नवं लेदर, जमलं तर अलॉय चाकं. गाडी फोटोत देखणी दिसते. जाणत्या संग्राहकाच्या दृष्टीने तिचं निम्मं मोल त्या आठवड्यात गॅरेजच्या गटारातून वाहून गेलेलं असतं. कारखान्याचा रंग, त्याचा जाडसरपणा, दाराच्या आतल्या कडेला मारलेला पातळ हात, फ्लोअरखालचा काळा थर, काचेच्या कोपऱ्यातलं कंपनीचं नाव आणि तारखेची खूण, केबलवरची पट्टी या गोष्टी त्या गाडीची साक्ष असतात. साक्ष पुसली की उरते ती जुन्या आकाराची नवी गाडी.

बघायचं कसं, हे या पट्ट्यातल्या प्रेस शॉपमध्ये काम केलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही. कारखान्यात पत्रे स्पॉट वेल्डिंगने जोडले जातात. ठरावीक अंतरावर गोल, किंचित खोलगट ठिपके. दुरुस्तीच्या दुकानात गॅसने किंवा सीओटूने जोडलं की सलग वळी उठते. बोनेट उघडून, कार्पेट वर करून, डिकीच्या रबराखाली बोट फिरवून ठिपके मोजायचे. छोटं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून दाराच्या खालच्या बाजूने फिरवायचं; जिथे ते धरत नाही तिथे लांबी भरली आहे. दारांच्या फटी वरपासून खालपर्यंत सारख्या आहेत का ते पाहायचं. चेतकच्या बाबतीत तर अंगच चेसिस आहे, दाबून घडवलेला पोलादी पत्रा, त्यामुळे पायाखालची फळी गंजून बदलली असेल तर तो किरकोळ बदल ठरत नाही, तो हाडाचा बदल असतो.

खोट कुठवर जाते याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण जीप आहे. 'दुसऱ्या महायुद्धातली विलीज' म्हणून दाखवल्या जाणाऱ्या बऱ्याच जीपा प्रत्यक्षात नंतरच्या महिंद्रा असतात, उंच बोनेट कापून सपाट केलेलं, हिरवा रंग आणि पांढरा तारा. खाली वाकून पुढच्या आडव्या तुळईकडे बघितलं की उलगडा होतो. खऱ्या विलीज एमबीची ती तुळई गोल नळीची असते आणि फोर्डने बनवलेल्या जीपीडब्ल्यूची उलट्या यू आकाराच्या पट्टीची. फोर्डने तर नटबोल्टांवरसुद्धा आपलं 'एफ' अक्षर उठवलं होतं. तुळई एका जातीची, बोल्ट दुसऱ्या जातीचे आणि बोनेट तिसऱ्याच गाडीचं निघालं, तर ती मजेत फिरवायला चांगली जीप आहे, पण संग्रहाची वस्तू नाही. विकणाऱ्याने ते तसं सांगून विकलं तर माझी काही तक्रार नाही. न सांगता विकणं ही फसवणूक आहे आणि ती इथे सर्रास चालते.

मग काहीच दुरुस्त करायचं नाही का? तसंही नाही. फ्लोअरला भोक पडलेली गाडी 'मूळ रूपात' म्हणून सडू देणं हाही गुन्हाच. माझा कल असा आहे: जे धरून राहिलं आहे ते राहू द्यावं, जे गेलं ते त्याच जाडीच्या पत्र्याने, त्याच पद्धतीने भरावं, आणि काढलेला प्रत्येक तुकडा, प्रत्येक बिल, कामाआधीचा आणि नंतरचा फोटो एका फाइलमध्ये ठेवावा. उद्या घेणारा ती फाइल आधी बघेल, गाडी नंतर.

फाइल म्हटलं की कागद आले. चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि आरसी बुक यांचा मेळ हा सगळ्याचा पाया आहे. आरटीओत नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून घेतलेली ती जुनी 'पेन्सिल प्रिंट' हा या देशातला सर्वांत साधा आणि सर्वांत भरवशाचा पुरावा होता. तीस-चाळीस वर्षांपूर्वीची एखादी प्रिंट घरातल्या ट्रंकेत निघाली तर ती जपा. अनेक इंजिनं मधल्या काळात बदलली गेली. पेट्रोल महागलं म्हणून कुणी डिझेल बसवलं, कुणी ब्लॉक तडकला म्हणून जुन्या बाजारातून दुसरा आणला. आरसीवर तशी नोंद असेल तर निदान प्रामाणिकपणा आहे. नोंद नसेल तर पुढचा प्रत्येक व्यवहार अडतो. पद्मिनीच्या बाबतीत आणखी एक प्रश्न येतो. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ला रस्त्यावरून उतरली. टॅक्सीची म्हणून नोंदलेली गाडी आणि पहिल्यापासून एका घरात राहिलेली खासगी पासिंगची गाडी, दोन्ही एकाच वर्षीच्या असल्या तरी संग्राहक दुसरीकडे वळतो. अपवाद फक्त एक: टॅक्सी असण्याची गोष्टच जिच्या कागदांवर आणि अंगावर शाबूत आहे ती.

जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात, चेसिस, बॉडीशेल किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, दहा वर्षं मुदत, नंतर ५ हजार. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं, पण आधीच नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. ही सवलत मला फार मोलाची वाटते, कारण एमएच-१४ सुरू होण्याआधीची ती तीन इंग्रजी अक्षरांची पाटी हा गाडीच्या चरित्राचाच भाग आहे. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल यापुरतीच ती रस्त्यावर यावी. विक्री करता येते, ती नव्वद दिवसांत परिवहन खात्याला कळवायची.

अडचण आहे ती मधल्या वयाच्या गाड्यांची. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फेरनोंदणी आणि पर्यावरण कर, तेही पन्नास वर्षं होईपर्यंत. सिएरा आणि ई २२० अजून वीस-एक वर्षं याच खिंडीत आहेत. ती त्यांना ओलांडू दिली नाही तर पन्नाशीच्या सन्मानाला पोचायला कुणी उरणार नाही. तीस वर्षांपासूनच, कमी वापराच्या अटीवर, एक मधला दर्जा सरकारने द्यावा असं मला मनापासून वाटतं. जर्मनीत तीस वर्षांच्या जपलेल्या गाडीला नंबराच्या शेवटी 'एच' मिळतो आणि करात सवलतही. धूर ओकणारी रोजची गाडी आणि महिन्यातून दोनदा बाहेर पडणारी जपलेली गाडी यांना एकाच मापाने मोजणं न्यायाचं नाही.

कागदांबद्दल एक मागणी कारखान्यांकडेही आहे. जुन्या जॅग्वारचा मालक ब्रिटनमधल्या जॅग्वारच्या हेरिटेज ट्रस्टला चेसिस नंबर कळवतो आणि कारखान्याच्या मूळ वह्यांवरून प्रमाणपत्र मिळवतो: गाडी कोणत्या दिवशी बनली, कोणत्या रंगात, कोणत्या इंजिनासह, कुठे रवाना झाली. त्या एका कागदाने गाडीच्या किमतीत आणि अब्रूत भर पडते. जॅग्वार २००८ पासून टाटांच्या घरातली आहे. पिंपरीत बनलेल्या सिएरा, एस्टेट, सुमोसाठी, आणि आकुर्डीच्या चेतकसाठी, अशी खिडकी उघडली तर? उत्पादनाच्या नोंदी, रंगांचे कोड, पहिल्या रवानगीचे रजिस्टर यातलं जे काही शिल्लक असेल ते भंगारात जाण्याआधी वाचवायला हवं. गाडीचा पत्रा तिसऱ्या गाडीकडून आणता येतो, पण कारखान्याच्या नोंदीचं दुसरं पान कुठे मिळत नाही.

आणि आता सुटे भाग. याच कसोटीवर पिंपरीत जोडलेल्या दोन गाड्यांचं नशीब वेगळं होतं. ई २२०चा साचा, डब्ल्यू १२४, जगभर पंचवीस लाखांवर बनला. म्हणजे संख्येच्या हिशोबाने ती अगदी सामान्य गाडी. त्याच साच्यातली ५०० ई, जिच्या जुळणीत पोर्शचा हात होता, १०,४७९च बनली आणि म्हणून तिचा भाव कुठल्या कुठे आहे. पण साध्या ई २२०च्या मालकाला एक मोठं सुख आहे: मर्सिडीजचा क्लासिक विभाग आजही त्या पिढीचे भाग पुरवतो. वॉशर हवा तर वॉशर मिळतो. सिएराच्या मालकाला मागची वळलेली काच फुटली तर दुसरी सिएरा शोधावी लागते. माझ्या ओळखीच्या एकाने त्या एका काचेपायी अख्खी गंजकी गाडी विकत घेतली आणि उरलेल्या सांगाड्यातून आणखी तिघांची नड भागवली. म्हणून गाडी घेताना अनुभवी माणूस इंजिनाआधी काचा, दिवे, बिल्ले आणि आतलं प्लॅस्टिक मोजतो. इंजिन कुणीही उघडून बसवेल. दिव्याची काच मात्र सहजासहजी कुठे घडत नाही.

पूर्वी अशा शोधाची वाट ठरलेली होती: पुण्याचा जुना बाजार, आणि इकडे चिखली-कुदळवाडीची भंगाराची गोदामं. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडीत मोठी पाडापाडी केली आणि हजारो बांधकामं सपाट झाली. त्या कारवाईच्या योग्यायोग्यतेत मी इथे शिरत नाही. जुन्या गाड्यांच्या माणसांपुरतं बोलायचं तर कुठल्या कोपऱ्यात कुठला दरवाजा उभा आहे हे डोक्यात ठेवणारी माणसं त्या दिवसांत पांगली. त्यांच्या डोक्यातली ती यादी कुठे लिहिलेली नव्हती.

संख्या, आठवण, पत्रा, कागद, भाग. यात देशाची सीमाही धरायला हवी. इथे वर्षानुवर्षं जुनी गाडी बाहेरून आणायला १९५०च्या आधीचीच मुभा होती. २०२५ मध्ये ती पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांपर्यंत वाढली. बाहेर नेण्यावरही निर्बंध आहेत. त्यामुळे आपला बाजार बराच काळ बंद तळ्यासारखा राहिला आणि भाव जगाशी जुळले नाहीत. बंधनं येण्याआधी किती गेलं हे आठवलं की वाईट वाटतं. आपल्या पुणे जिल्ह्यातल्या होळ गावचं मूळ सांगणाऱ्या होळकरांपैकी इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी १९३०च्या दशकात ड्यूसेनबर्ग एसजे मागवून लंडनच्या गर्नी नटिंगकडून तिच्यावर बॉडी चढवून घेतली होती. नारिंगी-काळ्या रंगाची ती गाडी आज अमेरिकेत आहे आणि जगातल्या सर्वांत नावाजलेल्या ड्यूसेनबर्गमध्ये गणली जाते. तिचं मोल त्या नावाने वाढलं, पण नाव इथे राहिलं आणि गाडी तिकडे.

पैशांचं एक स्पष्ट सांगतो. आपल्या पट्ट्यातली कुठलीही गाडी गुंतवणूक म्हणून घेऊ नका. नीट रिस्टोरेशनचा खर्च बहुतेक वेळा गाडीच्या विक्रीच्या किमतीपेक्षा जास्त होतो, आणि मजुरीचा हिशोब धरला तर नक्कीच होतो. मला कुणी विचारलं की यातलं काय पुढे टिकेल, तर मी पहिल्या वर्षांतली, न बदललेली, कागद पूर्ण असलेली सिएरा सांगेन. सत्तरच्या दशकातली एका घरातली, मूळ रंगाची चेतक सांगेन. आणि थोडं धाडसाने, पहिल्या वर्षाची इंडिका. आज तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. पण ऑस्ट्रेलियातला निस्सानचा बंद पडलेला कारखाना उचलून आणून इथे उभी केलेली, भारतात आखून कारखान्यात बनलेली ती पहिली छोटी मोटार. टॅक्सीवाल्यांनी तिचा असा पिट्टा पाडला आहे की धड राहिलेली पहिली इंडिका शोधणं दहा वर्षांनी कठीण होईल. आणि तोवर ज्या पोरांनी ती बापाची पहिली गाडी म्हणून पाहिली ती पन्नाशीला टेकलेली असतील.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र बाहेरच्या कुठल्याही संग्राहकाला हेवा वाटावा अशी आपल्याकडे आहे. भोसरी, तळवडे, चाकणच्या गल्ल्यांत लाकडी साचे करणारे, डाय बनवणारे, लेथवर शतांश मिलिमीटर पकडणारे लोक राहतात. टेल्कोच्या अप्रेंटिस शाळेतून घडलेले कितीतरी फिटर आणि टूलमेकर आता निवृत्त होऊन प्राधिकरणात सकाळी फिरायला जातात. कुठलाही मृत भाग पुन्हा घडवायला लागतं ते सारं इथे काही किलोमीटरच्या आत आहे. जगात जिथे जिथे जुन्या गाड्यांची खरी राजधानी झाली, इटलीत मोडेना असो की इंग्लंडात कॉव्हेंट्री, तिथे कारखान्यांच्या आसपास अशीच माणसं होती. चिंचवडला सायन्स पार्क आहे, शेजारी ऑटो क्लस्टर आहे. तिथल्या एका दालनात इथे बनलेली प्रत्येक जात एकेक नगाने उभी करावी आणि मागच्या शेडमध्ये हे लोक पोरांना काम शिकवत बसावेत, हे माझं फार दिवसांचं म्हणणं आहे. मॅटाडोरला घर मिळेल तर असंच मिळेल. बाजार तिला ते देणार नाही.

मागच्या पावसाळ्यात अशाच एका काकांकडे गेलो होतो. पंचाहत्तरी उलटलेली, तीस वर्षं बॉडी शॉपमध्ये काढलेली. कपाटातून त्यांनी एक लांबट वही काढली. दाराच्या फटी किती ठेवायच्या, कुठला पत्रा किती जाड, कुठल्या कोपऱ्याला शेवटचा हातोडा कसा मारायचा, सगळं बारीक अक्षरात, आकृत्यांसह. मी हरखलो आणि म्हणालो, "काका, याची झेरॉक्स काढून घेऊ का?" त्यांनी वही मिटून मांडीवर ठेवली.

"झेरॉक्सने काय होणार रे," ते म्हणाले, "गाडी घेऊन ये. दिवाळीनंतर मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, त्याच्या आत आण."